नोंद नसलेली शिकार

बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की मोताळा तालुका लागतो. पाठीशी अजिंठ्याच्या रांगेतले डोंगर आणि त्यांतच वसलेले ज्ञानगंगा अभयारण्य, समोर नळगंगेच्या खोऱ्यातली वावरे. काही ओलिताखाली, बहुतेक पावसाच्या भरवशावर. मका, कपाशी, सोयाबीन, तूर आणि मागाहून रब्बीचा हरभरा. दिवाळीच्या सुमारास इथल्या शेतकऱ्याचे सगळे वर्ष वावरात उभे असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत रात्री जागलीला जावे लागते. रानडुकरांचा कळप मक्यात शिरला की खातो त्याहून अधिक आडवे करतो. रोही, म्हणजे नीलगायी, तुरीचे शेंडे आणि हरभऱ्याचे कोवळे पाले खुडून नेतात. त्यांना हाकलायला माणसांजवळ बॅटरी, फटाके, डबे, झटका मशीन आणि आवाज एवढेच असते. १९९७ साली घोषित झालेले सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य बुलढाणा, चिखली, खामगाव आणि मोताळा या तालुक्यांत पसरले आहे. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून इथे पोचला, तेव्हा ज्ञानगंगेचे नाव देशभर झाले. त्या वाघाला इथे थारा मिळाला तो इथल्या रोही-डुकरांमुळे. जंगलातले जे जनावर वाघाचे अन्न ठरते, तेच धुऱ्यापलीकडे शेतकऱ्याचे अन्न खाते. या लेखाचा सगळा पेच या एका वाक्यात आहे.

या पेचातून दोन शब्द एकमेकांसमोर उभे राहिले आहेत: शिकारी आणि प्राणीमित्र. शिकारी म्हणजे इथे संस्थानिकांच्या काळातला हौशी बंदूकवाला नव्हे. पीक राखणारा शेतकरी, पिढ्यान् पिढ्या फास लावून पोट भरणारा पारधी आणि सरकारने बोलावलेला परवानाधारक नेमबाज, असे तिघे त्यात येतात. प्राणीमित्र म्हणजे शहरातल्या संघटना, त्यांचे वकील, दिल्लीतल्या बैठका आणि न्यायालयातल्या याचिका. पहिल्या बाजूची पक्की समजूत आहे की कायदा दुसऱ्या बाजूच्या दबावाने लिहिला जातो. दुसऱ्या बाजूला वाटते की पहिल्या बाजूला सूट म्हणून बोटभर जागा दिली तर जंगल रिकामे होईल. माझे म्हणणे असे की या अविश्वासाला दोन्हीकडे आधार आहे, पण त्यातून घडलेल्या कायद्याने ना पीक वाचले ना जनावर. त्याने शिकार थांबवली नाही, फक्त तिची नोंद थांबवली.

वन्यजीव कायदा प्राणीहक्कवाल्यांनी आणला, हा समज आधी तपासायला हवा. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये वन्यजीव मंडळ स्थापन झाले, त्याचे पहिले अध्यक्ष म्हैसूरचे महाराज होते. त्या काळात जंगलाविषयी बोलणाऱ्यांत निसर्गाभ्यासक होते, तसे शिकार सोडलेले राजेरजवाडेही होते. १९६९ मध्ये निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेचे अधिवेशन दिल्लीत भरले, १९७० मध्ये वाघाची शिकार बंद झाली, आणि १९७२ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला. त्याचा मसुदा घडवण्यात मोठा वाटा असलेले एम. के. रणजितसिंह हे वांकानेरच्या राजघराण्यातले सनदी अधिकारी. या कायद्याने सुरुवातीला शिकार सरसकट बंद केली नव्हती. परवाने होते, मोठ्या आणि छोट्या शिकारीचे वर्ग होते, हंगाम होते. प्राण्यांवरच्या क्रौर्याचा कायदा निराळा. तो रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतल्या प्रयत्नांमागून १९६० मध्ये झाला आणि त्याखाली १९६२ मध्ये पशुकल्याण मंडळ आले. एका कायद्याचा विचार जातीचा, म्हणजे वाघ टिकला पाहिजे, रानडुक्कर नामशेष होता कामा नये. दुसऱ्याचा विचार जिवाचा, म्हणजे या एका जनावराला यातना होऊ नयेत. हे दोन विचार शेजारी आहेत, पण एक नाहीत. गावात दोन्ही एकाच 'प्राणीमित्र' शब्दात मिसळले गेले, आणि शहरानेही हा फरक गावाला कधी समजावून सांगितला नाही.

दोर तुटला तो १९९१ च्या दुरुस्तीने. तिने शिकारीचे परवाने संपवले. त्याच दुरुस्तीने एखाद्या प्राण्याला ठरावीक भागापुरता उपद्रवी जाहीर करण्याचा अधिकार राज्यांकडून केंद्राकडे नेला. म्हणजे मोताळ्यातल्या डुकरांचा प्रश्न आधी मुंबईत सुटू शकत होता, तो आता दिल्लीत गेला. कलम ११ मात्र राहिले. उभ्या पिकासह मालमत्तेला धोका झालेल्या, खालच्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी देऊ शकतो, असे ते सांगते. महाराष्ट्र सरकारने रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी हे अधिकार स्थानिक वनाधिकाऱ्यांपर्यंत आणले. कागदावर वाट उघडी आहे. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मान्य केला आणि वन्यजीव कायद्याने त्या बंदुकीला वावरातला जवळपास प्रत्येक नेम नाकारला. कलम ३९ नुसार परवानगीने मारलेले जनावरही सरकारचीच मालमत्ता ठरते. म्हणजे अर्ज शेतकऱ्याचा, धोका शेतकऱ्याचा, रात्र शेतकऱ्याची, आणि मेलेले डुक्कर सरकारचे. कोणाही समंजस माणसाने या वाटेने जाण्यापेक्षा गप्प बसणे पसंत करावे, अशीच ती बांधली आहे.

या साऱ्यात सर्वांत आधी आणि सर्वांत खोल घाव बसला तो पारध्यांना. वऱ्हाडातला फासेपारधी तितर, लावा, ससे, हरणे फासात धरून जगायचा. कोणते जनावर कोणत्या महिन्यात कुठून चालते, हे ज्ञान त्याच्या घरात वारशाने यायचे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात अशा भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. १९५२ मध्ये तो पुसला गेला आणि वीसच वर्षांत वन्यजीव कायद्याने त्यांचा धंदाच गुन्हा केला. त्या बदल्यात त्यांना काय दिले, याचे उत्तर कायद्यात नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे पिढीजात हक्क मान्य केले, पण शिकार आणि सापळे लावण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. ज्याचे सगळे कौशल्य त्या एका शब्दात होते, त्याला त्या कायद्यात स्वतःसाठी फारसे काही सापडले नाही. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा येथे कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या 'संवेदना' संस्थेने मात्र फासेपारध्यांनाच माळरानांचे आणि तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याचे राखणदार मानून काम केले. मारण्याचे ज्ञान राखण्याच्याही कामी येते, हे त्यातून दिसले. कायदा मात्र अजूनही या माणसांना फक्त आरोपी म्हणून ओळखतो.

अविश्वास उघड्यावर आला तो २०१६ मध्ये. केंद्राने राज्यांकडून प्रस्ताव मागवले आणि बिहारमध्ये रोही व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकडे एका वर्षासाठी, ठरावीक भागांत उपद्रवी जाहीर केली. जूनमध्ये बिहारच्या मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक रोही मारले. तेव्हा केंद्रातल्याच मंत्री मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण खात्यावर मारण्याची हाव असल्याचा आरोप केला आणि चंद्रपुरातल्या रानडुकरांच्या शिकारीचाही उल्लेख केला. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्यांच्या मागणीवरूनच हे झाल्याचे सांगितले. प्राणीहक्कवादी सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने स्थगिती दिली नाही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर न्यायालयातली ती फेरी त्यानेच जिंकली होती. पण गावांत उरले ते मंत्र्यांचे वाक्य. दोनच वर्षांनी यवतमाळात तेरा माणसांच्या मृत्यूंशी जोडलेली 'अवनी' वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली, तेव्हाही तेच झाले. ती मारण्याच्या आदेशात ढवळाढवळ करायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला होता, तरी शहरांत मेणबत्त्या पेटल्या आणि तिच्या भीतीखाली कापूस वेचणाऱ्या गावांनी सुटकेचा श्वास सोडला. विदर्भाला त्यातून एवढेच उमगले की मेलेल्या वाघिणीला नाव असते, मेलेल्या माणसांना फक्त आकडा.

अशा समजुतींचा परिणाम कायद्यावर कसा होतो? तुलना बैलगाडा शर्यतीशी करून पाहावी. ७ मे २०१४ च्या निकालाने जल्लिकट्टू आणि बैलांच्या शर्यती बंद झाल्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या गाडामालकांनी संघटना बांधल्या, मोर्चे काढले, आमदारांना धरले. २०१७ मध्ये विधिमंडळाने क्रौर्यविरोधी कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य मानली. तिथे आवाज होता, म्हणून कायदा हलला. जागलीच्या शेतकऱ्याला आणि पारध्याला तसा आवाज नाही. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्याच्या सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि उंदीर, कावळे यांची उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी काढून टाकली. विधेयक संसदीय समितीपुढे गेले, संस्था आणि तज्ज्ञांची मते आली. पण पिकाचे नुकसान सोसणाऱ्याला वावरात शिरणारे जनावर किती आणि कुठे मारू द्यावे, या प्रश्नावर कायदा तिथेच उभा राहिला. केरळने त्याच वर्षी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार देऊन पाहिले, आणि रानडुकराला उपद्रवी जाहीर करण्याची त्याची मागणी केंद्राकडे वारंवार अडली. दोन बाजूंचा एकमेकांवर विश्वास नसला की कायदा करणारा सर्वांत सोपी वाट धरतो: बंदी तशीच ठेवतो आणि अपवाद इतका अवघड करतो की तो कोणी वापरू नये.

त्या न वापरलेल्या अपवादाची किंमत अंधारात मोजली जाते. परवानगीची वाट न पाहता कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडली जाते. तारेला रानडुक्कर कळत नाही. विदर्भात अशा तारांनी बिबटे मेले, वाघ मेले, पाणी द्यायला निघालेले शेजारीही मेले, आणि पीक राखणारा माणूस सदोष मनुष्यवधाचा आरोपी झाला. कुठे पिठात गुंडाळलेले गावठी बॉम्ब ठेवले जातात, कुठे ब्रेकच्या तारेचे फास. मे २०२० मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात स्फोटके भरलेले फळ चावून गाभण हत्तीण नदीत उभ्या उभ्या मेली. ती स्फोटके रानडुकरांसाठी होती, असेच तपासात पुढे आले. देश हळहळला, पण ती कोणत्या कायद्याच्या पोकळीत मेली हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ज्या जनावराला उघड, एका गोळीत, नोंद करून मारणे जवळपास अशक्य आहे, ते तडफडून, विनानोंद मारणे अतिशय सोपे आहे. जिवाच्या यातनेची काळजी करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य आपल्या विचारात घ्यायला हवे.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला शास्त्राचा. रानडुकराला एका वेतात चार-सहा पिल्ले होतात, मारून संख्या कमी होत नाही, कळप फुटला तर नुकसान पसरते. हे खरे आहे. युरोपात दरवर्षी प्रचंड शिकार होऊनही रानडुकरे वाढतच गेली. म्हणून बाहेरून नेमबाज आणून चार दिवस गोळ्या झाडण्याला अर्थ नाही. पण पीक उभे असताना, वावरात शिरणाऱ्या कळपावर दबाव ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे हेतू संख्या संपवण्याचा नसून जनावराला वावर धोक्याचे वाटावे हा असतो. दुसरा आक्षेप असा की कुंपण आणि भरपाई असताना मारायचे कशाला? कुंपण हवेच. राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदानही मिळते. पण एकाच्या कुंपणावरून वळलेला कळप शेजारच्या बिनकुंपणाच्या दोन एकरांत शिरतो, आणि ते दोन एकर बहुधा सर्वांत गरिबाचे असतात. भरपाईविषयी मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोब्याच्या पश्चिम सीमेवर केलेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मोलाचा आहे. वावरात दिसणाऱ्या खुणांवरून काढलेले नुकसान हे उत्पन्नातल्या खऱ्या घटीपेक्षा बरेच कमी भरते, असे त्यात दिसले. पंचनामा खाल्लेले कणीस मोजतो. पेरायचेच सोडून दिलेले पीक त्याला दिसत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. डुकराच्या परवान्याआड बिबट्या, हरीण, मोर मारले जातील. ही भीती खरी आहे आणि तिला उत्तर नियमांतच द्यावे लागेल: अभयारण्यात परवाना नाही, बंदूक कोणाची ते नावानिशी ठरलेले, काडतुसांचा हिशेब, मारलेले जनावर दुसऱ्या दिवशी वनरक्षक आणि ग्रामस्थांसमोर. आज मात्र यातले काहीच नाही, आणि ज्या शिकारीची नोंदच नाही तिच्याआड काहीही लपू शकते. चौथा आक्षेप नीतीचा: डुकराचा जीवही जीवच. मी तो मान्य करतो. पण या भूमिकेला पुढचा प्रश्न चुकवता येत नाही, तो म्हणजे मरण कोणते आणि कोणाच्या हातून. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा प्रांतात १९७४ मध्ये लोकांनी मतदान करून खासगी शिकार बंद केली. त्यानंतरही तिथे पिकांचे नुकसान करणारी रानडुकरे मारावी लागतात, फक्त ती सरकारी रक्षक मारतात आणि त्यांचा हिशेब ठेवतात. जगातल्या सर्वांत कडक बंदींपैकी एका बंदीनेही मारणे संपवले नाही, जबाबदार मात्र केले. शिकारीला पूर्ण विरोध करणाऱ्यांनी या उदाहरणाकडे मोकळ्या मनाने पाहावे.

शिकारीच्या बाजूनेही स्वतःला काही प्रश्न विचारायला हवेत. प्राण्यांच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण शेतकऱ्याचा वैरी आहे, हे खरे नाही. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी वन्यजीव कायद्यावर कडक टीका केली आणि स्थानिकांच्या हाती नियंत्रित शिकार द्यावी असे जाहीरपणे मांडले. वाटवे यांनीही हा प्रश्न शेतकऱ्याच्या बाजूने अभ्यासला. ही माणसे जंगलाच्याच बाजूची आहेत. २०१६ मध्ये स्थगिती नाकारली गेली, त्यातून दिसले की न्यायालयही दार लावून बसलेले नाही. मग चूक कुठे झाली? तारेत वीज सोडणारा हात गप्प राहिला, अर्ज न करणारा शेतकरी गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यामुळे विधिमंडळापुढे आणि संसदेपुढे नुकसानीचा आणि मारलेल्या जनावरांचा विश्वासार्ह आकडाच कधी गेला नाही. दुसऱ्या बाजूकडे निदान याचिका होत्या, कागद होते. अविश्वासाने माणूस बोलणे सोडतो, आणि कायदा बोलणाऱ्याचेच ऐकतो.

या कोंडीतून वाट आहे, आणि तिचे तुकडे आपल्या कायद्यांत आधीच पडलेले आहेत. जर्मनीच्या शिकार कायद्यात एक जुने तत्त्व आहे: ज्याच्याकडे शिकारीचा हक्क, त्याच्यावरच रानटी जनावराने केलेल्या पिकाच्या नुकसानीची जबाबदारी. हक्क आणि भरपाई एकाच हातात आली की तो हात ना फार मारतो, ना फार सोडतो. आपल्याकडे हक्क सरकारकडे, नुकसान शेतकऱ्याकडे आणि नीती शहराकडे वाटली गेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती ठेवली आहे. अनेक ठिकाणी ती नोंदवही भरण्यापुरती उरली. कलम ११ ची परवानगी याच समितीच्या शिफारशीला जोडता येईल. तिच्या वहीत हंगामातले नुकसान, दिलेल्या परवानग्या आणि मारलेली जनावरे तीन रकान्यांत लिहिता येतील. पारधी कुटुंबांना मागकाढे आणि राखणदार म्हणून मानधनावर नेमता येईल. त्याच समितीत एक जागा प्राणीकल्याणाच्या कार्यकर्त्याला द्यावी. गोळी स्वच्छ लागते का, पिल्ले असलेली मादी टळते का, तारेत वीज सोडली जात नाही ना, हे पाहण्याचे काम त्याच्याइतके चोख कोण करील? आणि ज्ञानगंगेच्या हद्दीत मात्र एकही गोळी नको, कारण तिथले डुक्कर बिबट्याचे आहे.

मोताळ्याच्या ग्रामसभांनी हे कोणाच्या आदेशाची वाट न पाहता सुरू करावे. परवान्याचा अधिकार त्यांच्या हाती नाही, पण नोंदीचा आहे. येत्या रब्बीत प्रत्येक गावाच्या जैवविविधता समितीच्या वहीत तीन रकाने आखावेत: कोणत्या रात्री कोणते जनावर आले, किती पीक गेले आणि परवानगी मागितली तेव्हा काय उत्तर मिळाले. शहरातल्या प्राणीमित्रांना माझे सांगणे एवढेच की ती वही लिहिली जाऊ लागली की एकदा इथे येऊन वाचा, आणि हवी तर तिच्यात आपलीही नोंद करा. विधिमंडळाला आणि संसदेला हलवायला मोर्चाच लागतो असे नाही. खरा आकडा लागतो, आणि तो धुऱ्यावरूनच येऊ शकतो.